शाश्वत या शब्दाची जबाबदारी

पुष्कळ देवस्थानांच्या पावतीपुस्तकात 'शाश्वत पूजा' असा एक रकाना असतो. भक्ताने एकदा रक्कम भरावी आणि त्याच्या कुळाच्या नावे ठरल्या तिथीला दरवर्षी पूजा व्हावी, असा तो व्यवहार. शाश्वत हा शब्द मोठा. पण तो उभा असतो ठेवीच्या व्याजावर. म्हणून कोठे कोठे पावतीच्या तळाशी एक बारीक ओळ छापतात की, व्याजाच्या मानाने पूजेचे स्वरूप बदलू शकेल. आता समजा, नवी पुस्तके छापून घेताना एखाद्या नीटनेटक्या कारकुनाने ती ओळ अडगळ समजून गाळली. त्याने खोटे एक अक्षरही लिहिले नाही, उलट पावती देखणी केली. तरी काही खोटे घडले की नाही?

प्रश्न देवळातला असला तरी आम्हांस तो सुचला संगणकामुळे. इंदूरच्या ज्या अन्नपूर्णा भागात आमचे बिऱ्हाड आहे, तेथील कितीतरी घरांतून कोणी ना कोणी संगणकाच्या धंद्यात आहे, आणि या मंडळींच्या बोलण्यातून एका विलक्षण वस्तूची ओळख आम्हांस झाली. संगणकाच्या पोटात केवळ प्रोग्रामच्या बळावर दुसरा संगणक उभा करता येतो. त्यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाहेरचा खरा संगणक तो यजमान, आतला तो पाहुणा. पाहुण्याला आपण पाहुणे आहोत याची एरवी जाणीव ठेवावी लागत नाही. यजमान जे दाखवील तेच त्याचे जग. असे पाहुणे वसवणारा 'क्यूईएमयू' नावाचा प्रोग्राम फाब्रिस बेलार यांनी २००३ साली प्रथम प्रसिद्ध केला, आणि पुढे तो अनेकांच्या हातांनी वाढला.

संगणकाची नेहमीची स्मृती वीज जाताच पुसली जाते. वीज गेली तरी शाबूत राहणारी स्मृती ती चिरस्थायी स्मृती. पाहुण्यालाही अशी स्मृती देता यावी म्हणून पंकज गुप्ता यांनी रचलेले 'व्हर्टिओ-पीमेम' हे उपकरण २०१९ साली क्यूईएमयूत आले. पाहुण्यास स्मृती म्हणून जे दिसते ती वस्तुतः यजमानाच्या डिस्कवरील एक फाइल असते. पाहुण्याने लिहिलेले अक्षर प्रथम यजमानाच्या तात्पुरत्या स्मृतीत पडते. तेथून ते डिस्कवर उतरले तरच चिरस्थायी. मध्येच वीज गेली तर गेले. म्हणून या उपकरणात पाहुणा यजमानास सांगू शकतो की, 'आता हे उतरवून घ्या', आणि यजमान ते उतरवून तसे कळवतो. शाश्वतपणा वस्तूत नसून या मागण्यात आणि कळवण्यात आहे.

या उपकरणाचे एक छोटे टिपण आहे: ते काय आहे, कसे सुरू करावे, त्याला काय जमत नाही. सुरू करण्याच्या आज्ञेत फाइलीचे नाव आणि आकार यांच्या शेजारी 'शेअर' असा एक शब्द येतो. वरवर पाहता तो फालतू भासतो. वस्तुस्थिती अशी की तो शब्द लिहिला नाही, तर पाहुण्याचे लेखन त्या फाइलीत जातच नाही. यजमान त्याची खाजगी प्रत धरून ठेवतो आणि पाहुणा बंद होताच ती टाकून देतो. वीज जाण्याचीही गरज नाही. 'उतरवून घ्या' म्हटले तरी उतरवण्यासारखे फाइलीत काही आलेलेच नसते. आता असे टिपण कोणी साफसूफ करावयास घेतले, वाक्ये सरळ केली, पुनरुक्ती काढली, उदाहरण आटोपशीर केले, आणि त्या भरात हा एक शब्द गळला, तर काय होईल ते सांगावयास नको. क्यूईएमयूचे सबंध माहितीपुस्तक २०२० च्या सुमारास जुन्या मांडणीतून नव्या मांडणीत आणले गेले. अशा कामास लोक कारकुनी म्हणतात. आम्हांस ते न्यायाधीशाच्या कामाइतके जोखमीचे वाटते.

आपल्या धर्मशास्त्राने ठेवीचा विचार फार बारकाईने केला आहे. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादानानंतर लगेच निक्षेप येतो. मोजून, दाखवून दिलेली ठेव तो निक्षेप. आत काय आहे ते न सांगता मोहोरबंद दिलेली ती उपनिधी. पाहुण्याची स्मृती ही उपनिधीच्याच जातीची, कारण यजमानास तिच्यातले बरेवाईट ठाऊक नसते. याज्ञवल्क्याने ठेव राखणाऱ्यास एक मोकळीक दिली आहे: राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोराने लुटली, तर ती भरून देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. चिरस्थायी स्मृतीच्या बाबतीत मात्र ही मोकळीक अर्धीअधिक निरर्थक होते. वीज जाणे हेच येथले दैव, आणि दैवापासून राखीन हेच तर येथले वचन! ज्याने दैवाचाच विमा उतरवला त्याने मागाहून दैवाकडे बोट दाखवू नये. त्याला उरते ती एकच प्रामाणिक वाट: माझे वचन कोणत्या अटीवर उभे आहे ते आधी सांगणे.

यावर कोणी म्हणेल की, मग टिपणाला हातच लावू नये, जसे आहे तसे राहू द्यावे. हे आम्हांस मुळीच मान्य नाही. वकिली करणारा माणूस जाणतो की अट लपवण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे लांबलचक दस्तऐवज. चाळीस कलमांत पुरलेली अट ही न सांगितलेल्या अटीची सख्खी बहीण होय. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे पंचावन्नावे कलम विक्रेत्यावर मिळकतीतील असा महत्त्वाचा दोष उघड करण्याचे कर्तव्य घालते, जो त्यास ठाऊक आहे परंतु खरेदीदारास ठाऊक नाही आणि साधारण काळजीने कळणारा नाही. उघड करणे म्हणजे कागदावर कोठेतरी शाई उमटवणे नव्हे. तेव्हा टिपण साफ केलेच पाहिजे. पण साफ करणाऱ्याने वाक्याची लांबी मोजण्याआधी त्याचे वजन पाहावे. उपकरणाचे वर्णन निम्मे केले तरी कोणाचे बिघडत नाही. अट मात्र वचनाच्या शेजारी बसली पाहिजे, पानाच्या तळाशी नव्हे. 'शेअर' हा शब्द उदाहरणात ठेवून भागणार नाही. तो नसेल तर काय जाईल हेही तेथेच लिहावे.

या बाबतीत यंत्रे कधी कधी माणसांहून सरळ असतात. क्यूईएमयूतच एनव्हीडिम नावाचे दुसरे, थोरले स्मृती-उपकरण आहे. त्याच्यामागची जागा खरोखर चिरस्थायी नसेल, तर ते लावणाऱ्याने त्यावर 'निःशस्त्र' अशा अर्थाची खूण करावी अशी सोय आहे. ती खूण दिसताच पाहुणा लिनक्स त्या स्मृतीस केवळ वाचण्यापुरती मानतो, तिच्यात काही लिहीत नाही. आमच्या पाहण्यातल्या किती विश्वस्तांनी स्वतःवर अशी खूण करून घेतली असती, हा विचार येथे सोडून देणेच बरे.

आणखी एक गोष्ट राहिली. एनव्हीडिमच्या टिपणामागे ज्या खऱ्या चिरस्थायी स्मृतीचा विचार होता, तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे इंटेल कंपनीची ऑप्टेन स्मृती. ती २०१९ साली बाजारात आली, आणि जुलै २०२२ मध्ये कंपनीने तो व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले. आता साफसफाई करणारा विचारील: जी वस्तू नव्याने बनत नाही तिच्या अटी कशाला ठेवायच्या? पण ज्यांनी त्या पट्ट्या विकत घेऊन यंत्रांत बसवल्या, त्यांतल्या कित्येकांच्या ठेवी अजून त्यांत आहेत. व्याज घटल्यामुळे देवस्थानाने शाश्वत पूजेची नवी पावती फाडणे बंद केले, म्हणून जुन्या पावत्यांची वही कोणी रद्दीत घालीत नाही. त्या कुळांच्या तिथ्या अद्याप यावयाच्या असतात.