फोनची मुखत्यारी

खिशात मावणारा फोन प्रथम हाती आला तेव्हा त्याच्या गुणवर्णनात एक गोष्ट अग्रभागी असे: त्याने मनुष्याची मेज आणि खुर्ची यांच्या वेठीतून सुटका केली. असे असता आज पुष्कळ लोक तोच फोन केबलने संगणकाला जोडतात, त्याचा पडदा संगणकाच्या पडद्यावर उमटवितात आणि माऊस व कळफलक यांच्या साहाय्याने तो चालवितात, ही विसंगती प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु ज्याचा सबंध दिवस संगणकासमोर जातो त्याला घडीघडीला मान वळवावी, फोन उचलावा, अंगठ्याने दोन ओळी लिहाव्या आणि तो पुन्हा उपडा ठेवावा, ह्या कवाइतीचा किती उबग येतो हे ज्याचे त्याला ठाऊक. दहा बोटांचे काम दोन अंगठ्यांवर सोपविणे हा हातांवर अन्याय आहे आणि मजकुरावरही. सोयीची बाजू इतकी उघड आहे की तिची वकिली करण्याचे प्रयोजन नाही.

ही सोय घडते कशी, ते मात्र पाहण्यासारखे आहे. रोमँ व्हिमाँ नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने २०१८ साली एक मुक्त प्रणाली प्रसिद्ध केली, जिचे नाव ‘स्क्रीन कॉपी’ असे उच्चारतात. ही प्रणाली अँड्रॉइड फोनवर एक लहानसा हस्तक पाठविते. तो हस्तक फोनच्या पडद्याचे अखंड चलच्चित्र बनवून संगणकाकडे रवाना करतो, आणि संगणकावर माऊसने जेथे टिचकी मारली असेल त्या जागेचे निर्देशांक उलट दिशेने घेऊन, तेथे बोट टेकल्याची वर्दी फोनला देतो. उजवी कळ दाबली की मागचे पान येते. इच्छा असल्यास फोनचा स्वतःचा पडदा विझवूनही ठेवता येतो. मग मेजाच्या कडेला तो काळा, निश्चेष्ट पडलेला दिसतो, आणि त्याच वेळी त्याच्यावरून निरोप जात असतात, छायाचित्रे उघडत असतात, व्यवहार चाललेले असतात. फोनच्या दृष्टीने बोट आणि बोटाची वर्दी यांत अंतर नाही. मालकाचा हात कोठे आहे, किंबहुना तो मालकाचाच आहे की नाही, हे जाणण्याचे कोणतेही साधन अशा वेळी त्याच्यापाशी उरत नाही.

मराठेशाहीच्या दप्तरांतील पत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना स्मरत असेल की मजकुराच्या आरंभी शिक्का असे आणि जेथे मजकूर संपे तेथे मोर्तब. हेतू हा की मागाहून कोणी खाली एखादी ओळ घुसडू नये. शिक्का उमटविणारा हात कोणाचा हे शिक्का सांगत नाही, म्हणूनच तो कोणाच्या ताब्यात असावा ह्याची एवढी दक्षता घ्यावी लागे. आज बँकेचा तात्पुरता संकेतांक त्याच फोनवर येतो, पैसे त्याच्यावरून दिले जातात, आधारशी निगडित क्रमांक त्यातच वसतो. एका सामान्य इसमाचा शिक्का आणि मोर्तब दोन्ही ह्या एका वस्तूत येऊन बसली आहेत. तेव्हा संगणकावरून फोन चालविणे म्हणजे संगणकाला मुखत्यारपत्र लिहून देणे होय, आणि मुखत्यारपत्राबाबत जे प्रश्न कोणताही शहाणा वकील विचारील (कोणाला दिले, किती मुदतीचे, रद्द कसे करावयाचे) ते येथेही विचारणे प्राप्त आहे.

हे मुखत्यारपत्र ज्या विधीने दिले जाते तो विधी मोठा मौजेचा आहे. फोनच्या माहितीच्या पानावर बिल्ड क्रमांकाची एक नीरस ओळ असते. तिच्यावर ७ वेळा बोट आपटले की विकासकांसाठी राखून ठेवलेली यादी प्रकट होते. त्या यादीतील यूएसबी डीबगिंगची मुभा दिल्यावर, संगणक प्रथम जोडताच फोन विचारणा करतो: ह्या संगणकावर विश्वास ठेवावा काय? खाली त्या संगणकाच्या किल्लीचा ठसा, अक्षरे आणि आकडे यांची एक लांबलचक माळ, दाखविलेला असतो. तो ताडून पाहणारा मनुष्य मी अद्याप पाहिला नाही. ‘नेहमी परवानगी द्या’ ह्या चौकटीवर खूण करून आपण पुढे जातो. कोर्टाच्या कागदावर अंगठा उठविताना जो चारचौघांना विचारतो, तोच मनुष्य येथे बिनदिक्कत सही करतो. ज्याला ह्या सोयीची खरी निकड असते, म्हणजे ज्याच्या फोनची काच फुटून स्पर्श निकामी झाला आहे, त्याला मात्र बहुधा तिचा लाभ होत नाही. परवानगी देण्यासाठी जो स्पर्श लागतो तोच त्याने गमावलेला असतो.

मराठी लिहिणाऱ्याला आणखी एक अनुभव येतो. कळफलकावरून इंग्रजी अक्षरे फोनवर सरळ उतरतात. देवनागरी अक्षरे त्या मार्गाने जात नाहीत. मजकूर संगणकावर लिहून, त्याची नक्कल उचलून फोनवर चिकटवावी लागते. संगणकाच्या कळफलकाला फोनशी प्रत्यक्ष जोडलेल्या कळफलकाचे सोंग देण्याची युक्ती पुढे निघाली खरी, पण मूळ आखणीच्या वेळी आपली लिपी कोणाच्या गणतीत नव्हती हे त्यातून दिसायचे ते दिसतेच.

दुसऱ्याच्या फोनचा कारभार दुरून पाहण्याचा प्रकार ह्याचाच सख्खा भाऊ. साताऱ्यास एकट्या राहणाऱ्या आईचा फोन अडला, तर पुण्यात किंवा परदेशात बसलेला मुलगा तो आपल्या संगणकावरून पाहून मार्ग दाखवू शकतो, आणि ह्यासारखे दिलाशाचे काम थोडेच. परंतु त्याच वाटेने लुटारूही येतात. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले ते ह्याच कारणास्तव: एनीडेस्क हे ॲप, जे मुळात एक सरळ कामाचे साधन आहे, ते लोकांना फूस लावून उतरवून घ्यावयाचे, त्यावर येणारा ९ अंकी क्रमांक विचारून घ्यावयाचा आणि खाते रिकामे करावयाचे. यंत्राला मुलगा आणि लुटारू यांतील भेद कळत नाही. दोघांपाशीही आईनेच दिलेली परवानगी असते. बँकेचे ॲप उघडताच संगणकावरील चित्र काळेठिक्कर पडते, त्यावर त्रासून बोलणारे लोक मला भेटतात. मला ती काळी चौकट ह्या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत सुज्ञ वस्तू वाटते.

मुखत्याराच्या मर्यादा अगोदरच आखून देण्याचा प्रयत्न ॲपलने २०२४ साली केला. आयफोन मॅक संगणकावर चालवीत असताना तो स्वतः कुलूपबंद राहतो, त्याचा कॅमेरा आणि मायक्रोफोन संगणकाच्या हाती लागत नाहीत, आणि मालकाने फोन उचलून उघडला की मुखत्याराची सत्ता तत्क्षणी खंडित होते. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून, जो संगणक ७ दिवस जोडला गेला नाही त्याची परवानगी आपोआप रद्द होते. मात्र ही मुदत काढून टाकण्याचे बटणही विकासकांच्या त्याच यादीत ठेवलेले आहे. घरच्याच संगणकाला पुन्हा पुन्हा ओळख कशाला विचारावयाची, असे म्हणून ते दाबणाऱ्या माझ्या स्नेह्यांशी माझा वाद होतो. घरचा संगणक दुरुस्तीला जातो, जुना झाला की विकला जातो, आणि ज्या किल्लीच्या ठशाला आपण न वाचता मान्यता दिली ती किल्ली त्याच्या पोटात साठवलेली असते.