प्रभूच्या पंगतीतला पंक्तिप्रपंच

एकाच पंगतीत कुणाच्या पानावर तुपाची धार आणि कुणाच्या पानावर कोरडी पोळी, याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चने तर पंगतच वेगळी मांडली, आणि तीही प्रभुभोजनाची, म्हणजे एकाच भाकरीतून आणि प्याल्यातून घेण्याच्या ख्रिस्ती विधीची.

शास्त्र ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. १८२९ साली केप प्रांताच्या सिनॉडने, म्हणजे धर्मसभेने, ठरवलं होतं की प्रभुभोजन रंग न पाहता सर्वांना एकत्रच द्यायचं. १८५७ सालीही तिने मान्य केलं की नवख्रिस्ती काळ्या माणसांना जुन्या मंडळीतच सामावून घेणं इष्ट आणि शास्त्रसंमत आहे. पुढे मात्र एक ‘परंतु’ आला. काही जणांच्या दुबळेपणामुळे कार्यात अडथळा येत असेल, तर या नवख्रिस्ती काळ्यांनी वेगळ्या इमारतीत उपासना करावी.

या ‘दुबळेपणा’पाशी मी दर वेळी अडतो. श्रद्धेने दुबळ्या असलेल्यांना सांभाळून घ्या, असं पौलाने लिहिलं आहे. इथे दुबळे कोण? जमिनी, बंदुका आणि नोकरचाकर बाळगणारे गोरे. आपल्या गड्याने ओठ लावलेल्या प्याल्यातून द्राक्षारस घेणं त्यांना जमत नव्हतं. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ही घालमेल ओळखीची वाटेल. लक्ष्मीबाई टिळकांचं सोवळंही एका दिवसात सुटलं नाही. पण त्यांच्या सोवळ्यासाठी कुणी ठराव केला नव्हता. केपमध्ये झाला, आणि तो करणाऱ्यांना आपण समजूतदारपणे मंडळी सांभाळतो आहोत असंच वाटलं असणार. मला त्या काळच्या उघड वर्णद्वेष्ट्यांपेक्षा या समजूतदार पाळकांची जास्त धास्ती वाटते.

१८८१ मध्ये मिश्रवंशीयांसाठी वेगळं चर्चच निघालं. सवलतीचा रिवाज झाला, रिवाजाचं तत्त्व झालं, मग तत्त्वाला आधार म्हणून बाबेलच्या बुरुजाची, देवानेच माणसांना वेगवेगळं केल्याची, गोष्ट काढली गेली. १९४८ साली अपार्थाइडचं, म्हणजे वर्णविभेदाचं, राज्य आलं तेव्हा पंतप्रधान झालेले मलान हे याच चर्चचे एकेकाळचे पाळक.

२१ मार्च १९६० रोजी शार्पविलला पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. ६९ माणसं मेली. त्या डिसेंबरात जोहान्सबर्गच्या कॉटस्लोमध्ये चर्चांची परिषद भरली. मिश्रविवाहावरच्या बंदीला शास्त्रात आधार नाही, इतकं स्पष्ट तिथे म्हटलं गेलं, आणि डच रिफॉर्म्डच्या केप आणि ट्रान्सवालच्या प्रतिनिधींनी त्या निवेदनाला साथ दिली. पंतप्रधान फेरवुर्ट रागावले. पुढच्या वर्षी सिनॉडांनी आपल्याच प्रतिनिधींना तोंडघशी पाडलं.

त्या प्रतिनिधींपैकी बायर्स नौदे मात्र मागे हटले नाहीत. त्यांचे वडील अफ्रिकानेर गोऱ्यांच्या ‘ब्रूडरबोंड’ या गुप्त संघटनेचे एक संस्थापक, स्वतःही तिचे सभासद. घरच्या माणसाने घरभेदी ठरायची ही वेळ होती. १९६३ मध्ये त्यांनी जोहान्सबर्गमधली पाळकाची जागा सोडली आणि ख्रिश्चन इन्स्टिट्यूट उभारली. १९७७ पासून सात वर्षं सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम लादला होता.

१९८२ साली ओटावात रिफॉर्म्ड चर्चांची जागतिक सभा भरली. तिथे दक्षिण आफ्रिकेच्या काही काळ्या व मिश्रवंशीय प्रतिनिधींनी प्रभुभोजन घ्यायचं नाकारलं. मायदेशी गोरे बांधव ज्या मेजावर आम्हाला बसू देत नाहीत, तिथे इथे तरी त्यांच्यासोबत कसं बसायचं, हा त्यांचा प्रश्न. सव्वाशे वर्षांपूर्वी ताट जिथे बाजूला सरकवलं होतं, बोट नेमकं तिथेच ठेवलं गेलं. अपार्थाइडचं धार्मिक समर्थन हे पाखंड आहे, असं त्या सभेने जाहीर केलं. त्याच वर्षी मिश्रवंशीयांच्या चर्चने केप टाउनजवळच्या बेलहारमध्ये एक विश्वासकबुली तयार केली. १९८६ मध्ये ती स्वीकारली. ऐक्य, समेट आणि न्याय हे तिचे विषय.

गोऱ्या चर्चनेही १९८६ मध्ये सर्वांना सभासदत्व खुलं केलं. लगेच १९८७ साली काही सभासद बाहेर पडले आणि त्यांनी फक्त गोऱ्यांचं वेगळं चर्च काढलं. ज्यांच्या मनाला जपायला हा सगळा खटाटोप झाला, त्यांचे वारस शेवटी निघूनच गेले! १९९० मध्ये रुस्टेनबर्गला विली योंकर या धर्मपंडिताने आपला आणि आपल्या चर्चचा अपराध भर सभेत कबूल केला. आर्चबिशप डेस्मंड टूटूंनी ती कबुली स्वीकारली.

पण मेज अजून एक झालेलं नाही. मिश्रवंशीय आणि काळ्यांची चर्चं १९९४ साली एकत्र आली. गोऱ्या चर्चशी विलीनीकरण बेलहारच्या कबुलीवर अडलं. गोऱ्या चर्चने ती आपली म्हणून घ्यायची, तर नियमाप्रमाणे प्रत्येक प्रादेशिक सिनॉडमध्ये दोन-तृतीयांश मतं हवीत. २०१५ पर्यंत खटपट झाली, तेवढी मतं जमली नाहीत. काही जणांची अजून तयारी नाही, असं कारण सांगतात.