पडीक कुणाच्या लेखी?

अमरकोशात पाण्याला, कमळाला, सूर्याला नावांच्या ओळीच्या ओळी आहेत. त्या पाठ असल्या की वृत्तात बसेल तो शब्द कवीला चटकन सापडे. शाळेतल्या समानार्थी शब्दांच्या यादीने आपल्यालाही तीच सवय लावली: एक शब्द काढा, दुसरा ठेवा, काही बिघडत नाही.

जमिनीच्या बाबतीत मात्र बिघडते. पड म्हणजे न पेरता ठेवलेली जमीन. पुष्कळदा मुद्दाम, कस भरून यावा म्हणून. गायरान गावाच्या गुरांचे. वरकस भाताच्या कामाची नाही, पण नाचणी-वरी तिच्यावरच होते, आणि राब भाजायला लागणारे गवत-पातेरेही तिथलेच. सडा म्हणजे कोकणातला जांभ्याचा उघडा कातळ. यातला प्रत्येक शब्द जमीन कशी आहे हे सांगतो, आणि ती कुणाच्या उपयोगी पडते हेही.

सातबाऱ्यावर 'पोटखराब' अशी नोंद असते. शेताच्या पोटातले जे कसता येत नाही, ते खराब. आकारणीपुरता हा शब्द ठीकच आहे. खडकावर सारा बसू नये यात शेतकऱ्याचेच भले. घोळ होतो तो हिशेबाचा शब्द वर्णन म्हणून रुळला की. मग माळ, सडा, गायरान यांना 'पडीक', 'ओसाड', 'नापीक' असे सरसकट म्हटले जाते. केंद्र सरकारने तर देशभरच्या पडीक जमिनींचे नकाशासंग्रहच काढले आहेत, आणि झुडपी माळ त्यांत जमा आहेत. (ज्याला काहीच पिकवायचे नाही, त्या मेंढपाळाला कुणी विचारले असावे असे वाटत नाही.)

साताऱ्याजवळचे कास हे असेच पातळ मातीचे जांभ्याचे पठार. नांगराच्या हिशेबात शून्य, पण पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली ते जागतिक वारसा यादीत गेले. कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य १९७९ साली ज्या पक्ष्यासाठी झाले, त्याच्या तर नावातच माळ आहे. माळढोकाला लांबवर दिसणारे मोकळे रान लागते. तिथे झाडे लावली की तो जातो. पण जमीन एकदा 'ओसाड' ठरली की झाडे लावणे हे पुण्यकर्मच वाटू लागते.

या पावसाळ्यात रोपे घेऊन एखाद्या उजाड दिसणाऱ्या टेकडीवर निघाला असाल, तर आधी तिथल्या गुराख्याला त्या जागेचे नाव विचारा. तो 'माळ' म्हणाला, तर खड्डे खणू नका.