वहीतला कोयता

बारामती तालुक्यातलं लोणी भापकर. गावाच्या नावातच आडनाव आहे. ज्याचं गाव, त्याचं नाव. ज्याचं कुणीच नाही तो उपरा. पेशवाईत हा नुसता बोलीतला शब्द नव्हता, महसुलाच्या दप्तरातला होता. वंशपरंपरेचा जमीनधनी तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. दुष्काळानं गाव ओस पडलं की सवलतीचा कौल देऊन उपऱ्यांना बोलावत. पडीक रान त्यांनी पिकतं केलं, तरी मिरासदाराचा मान त्यांना नसे. शेजारच्या फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला 'उपरा' हेच नाव दिलं, ते उगीच नाही.

आता कौलाऐवजी मुकादमाची आगाऊ उचल आहे. दिवाळी सरली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या बारामती-इंदापूरच्या बागायतीत उतरतात. पारावर विचारणा होते, "औंदा किती कोयते आले?" "वीस." वीस कोयते म्हणजे चाळीस माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. माणसाची मोजणी हत्याराच्या नावानं, तीही दोघांत एक! उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेबही त्याच्याच हातात. बाई अंधारात उठते, कोपीपुढं भाकऱ्या थापते, दिवसभर ऊस तोडते, डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरते. एक खाडा झाला तरी पैसे कापतात. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी ऊसतोड बायकांनी ऐन तरुणपणी गर्भपिशवी काढून घेतली. २०१९ साली त्याची चौकशी करायला सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

हे उपरेपण आपल्याला परकं वाटू नये. लोणी भापकरचा हा भाग जिरायती. पावसानं दगा दिला की इथल्या गावांतली माणसं पोट भरायला मुंबई गाठत आली, आणि तिथं घाटावरून आलेल्याला 'घाटी' म्हणून हिणवलं गेलं. तो शब्द ज्यांच्या घरात लागला, त्यांच्याच तोंडी 'कोयता' इतका सहज यावा, याचं मला फार वाईट वाटतं.

नावानिशी हाक मारली म्हणून मजुरी वाढणार नाही, हे खरं. पण मुकादमाच्या वहीत एका ओळीऐवजी दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? एक त्याची, एक तिची. आणि तिच्या ओळीपुढचे पैसे तिच्या हातात.