नकळत, पण चोरून नव्हे

घरात खेळण्यात रमलेल्या मुलाचे छायाचित्र त्याच्या नकळत घ्यावे काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या पोटात दुसरा दडलेला आहे: ज्याच्यावर आपण प्रेम करतो, त्याच्यावर आपला अधिकार कोठवर चालतो?

कलकत्त्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनी वयाच्या ४८ व्या वर्षी कॅमेरा हाती घेतला आणि इंग्लंडमधील आपल्या घरच्या कोंबड्यांच्या खुराड्याचे काचगृह केले. त्या काळी काचेवर प्रतिमा उमटण्यास कधी कधी काही मिनिटे लागत. तोवर मुलाने हलायचे नाही. १८७२ साली त्यांनी रेचेल गर्नी या बालिकेला पंख लावून देवदूत केले. चित्राचे नाव ‘मी वाट पाहते’. हातांवर हनुवटी टेकलेल्या त्या चेहऱ्यावर स्वर्गसुखापेक्षा कंटाळाच अधिक दिसतो. नाताळच्या नाटुकल्यात पंख बांधून घेतलेली आपली मुले काही निराळी दिसत नाहीत!

आता सेकंदाच्या १/१२५ भागात काम होते. मुलाने स्थिर राहण्याची गरज उरलेली नाही. स्थिर व्हायचे आहे ते आपण. खिडकीचा उजेड पुरेसा असतो. फ्लॅश लावू नये, तो मुलाची तंद्री मोडतो. जमिनीवर मांडी घालून बसावे, म्हणजे कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. मग वाट पाहावी. थोड्या वेळाने मूल आपल्याला विसरते आणि पुन्हा ठोकळ्यांत रमते. असे चित्र नकळत घेतलेले असते, पण चोरून घेतलेले नसते. आपण तेथे आहोत हे मुलाला ठाऊक असते. त्याला विसर पडतो तो विश्वासामुळे.

त्या विश्वासातूनच जबाबदारी येते. रडणारे, न्हाणारे, मार खाऊन कोपऱ्यात बसलेले मूल आपल्याला गमतीचे वाटते; पुढे त्यालाच त्या चित्राची लाज वाटेल. मोबाइलवरून ते क्षणात शंभर घरी पोहोचते आणि माघारी आणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील १६ वे कलम मुलाच्या खासगी जीवनाला संरक्षण देते. भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. परंतु उंबरठ्याच्या आत कायद्याआधी आईबापांच्या विवेकानेच पहारा द्यायचा असतो.

कोणी म्हणेल, दोन वर्षांच्या पोराला काय कळते? कळत नाही, म्हणूनच त्याच्या वतीने निर्णय घेताना त्याच्या उद्याच्या वयाला साक्षी ठेवावे, असे आम्हांस वाटते. आठवण जपण्याची आईची ओढ आम्ही जाणतो. जपलेले चित्र घरच्या आल्बममध्येही सुखाने राहते. जाणत्या मुलाला मात्र चित्र दाखवावे आणि ते ‘नको’ म्हणाले, तर पुसून टाकावे. एक सुंदर चित्र जाईल खरे. पण आपल्या ‘नको’ला या घरात किंमत आहे, हे त्या मुलाला कळेल, आणि उद्या कोणी परका त्याच्यावर बळजोरी करू लागला, तर तोच ‘नको’ त्याच्या ओठांवर येईल.