येतानाचा हिशेब, जातानाचा हिशेब

१९९७च्या गुढीपाडव्याच्या आगेमागे, दिवेलागणीनंतर वायव्येला दिसणारा हेल-बॉप धूमकेतू अजून पुष्कळांना आठवत असेल. ना दुर्बीण लागली, ना कुणी बोट दाखवायला लागलं. गच्चीवर गेलं की समोरच. पाहून झालं की प्रश्न ठरलेले : याआधी कधी आला होता, आणि आता परत कधी? उत्तरं मिळाली, पण ती एकमेकांशी जुळेनात. येतानाचा फेरा सुमारे ४,२०० वर्षांचा आणि जातानाचा जेमतेम २,५०० वर्षांचा. छापण्यात घोळ झाला नव्हता. दोन्ही आकडे बरोबर होते.

पृथ्वीचं वर्ष ठरलेलं, शनीचं ठरलेलं, तेव्हा धूमकेतूचंही ठरलेलंच असणार, असं आपण धरून चालतो. या समजुतीला खतपाणी घातलं ते हॅलीच्या यशानं. जुन्या नोंदी चाळून त्यानं १५३१, १६०७ आणि १६८२चा पाहुणा एकच आहे हे ओळखलं, आणि तो पुन्हा येईल असं १७०५ मध्ये छापून सांगितलं. तो आलाही. पण याच हॅलीनं १६८०च्या धूमकेतूला ५७५ वर्षांचा फेरा लावून टाकला होता, इसवी सनापूर्वी ४४, मग ५३१, मग ११०६ अशी साखळी जुळवून. साखळी देखणी होती, खरी नव्हती. त्या धूमकेतूचा फेरा हजारो वर्षांचा निघाला. युक्ती तीच, एकदा फळली, एकदा फसली. आणि आपल्याला आठवते ती फळलेलीच.

मुळात दीर्घ फेऱ्याचा धूमकेतू आपल्याला दिसतो तो सूर्याजवळ असताना, काही महिने, फार तर काही वर्षं. घाटातल्या एका वळणावर एसटी क्षणभर दिसावी आणि तेवढ्यावरून ती कुठल्या डेपोतून सुटली ते सांगावं, तसलाच हा प्रकार. लांबोडकं विवृत्त, अन्वस्त आणि अपास्त या तिन्ही वक्रांचा सूर्याजवळचा तुकडा जवळजवळ सारखाच दिसतो. फरक केसाएवढा, पण विवृत्तावरून गेलेला परत येतो आणि बाकी दोन्हींवरून गेलेला येतच नाही. म्हणून दिसलेला तुकडा जितका लांब, तितकं उत्तर पक्कं.

हेल-बॉपच्या बाबतीत नशीब जोरावर होतं. २३ जुलै १९९५च्या रात्री न्यू मेक्सिकोत अ‍ॅलन हेल आणि अ‍ॅरिझोनात थॉमस बॉप, दोघंही धनु राशीतला एम ७० हा तारकागुच्छ पाहत होते आणि दोघांनाही शेजारी एक अनोळखी धूसर ठिपका दिसला. तो तेव्हा गुरूच्याही पलीकडे होता. सुरुवातीचे हिशेब डळमळीतच होते. मग रॉबर्ट मॅकनॉट यांनी ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगची जुनी छायाचित्रं तपासली. एप्रिल १९९३च्या एका छायाचित्रात तोच पुसटसा डाग सापडला, शनीच्याही पल्याड असतानाचा. दोन वर्षं ते चित्र तसंच पडून होतं आणि त्यातल्या या डागाकडे पाहायचं कुणाला कारणच नव्हतं. त्या एका डागानं दिसलेला तुकडा एकदम दोन वर्षांनी लांबला. नव्या दुर्बिणीइतकंच जुनं दप्तर नीट सांभाळण्यालाही महत्त्व आहे, हे मला इथे फार पटतं.

तुकडा हाती आला तरी ‘फेरा किती वर्षांचा’ हे विचारायची जागा चुकली की उत्तर चुकतं. सूर्याजवळ असताना ग्रहांची ओढ क्षणाक्षणाला कक्षा बदलत असते. खुद्द सूर्यही गुरूच्या ओढीनं थोडा हलत असतो. म्हणून धूमकेतूला गणितानं मागे नेतात, पार २५० खगोलीय एककांपर्यंत (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), आणि तिथे सूर्यापासून नव्हे, तर अख्ख्या सूर्यमालेच्या वस्तुमानमध्यापासून त्याची कक्षा मोजतात. ती येतानाची कक्षा. तसंच पुढे नेलं की जातानाची. एलिस स्ट्रॉमग्रेन यांनी १९१४ मध्ये असं मागे जाऊन दाखवलं, की परके वाटणारे, अपास्तावरून आलेले धूमकेतू मुळात आपल्याच सूर्यमालेतले आहेत. पुढे १९५० मध्ये यान ऊर्ट यांनी १९ धूमकेतूंच्या येतानाच्या कक्षा मांडल्या आणि त्यांतून सूर्यमालेच्या कडेचा धूमकेतूंचा अफाट मेघ ओळखला.

आता ४,२००चे २,५०० कसे झाले? एप्रिल १९९६ मध्ये हेल-बॉप गुरूपासून सुमारे साडेअकरा कोटी किलोमीटरवरून गेला. शुक्र सूर्यापासून असतो त्याहून थोडं अधिक अंतर, म्हणजे घसट म्हणावी असंही काही नाही. तेवढ्यानं त्याचा वेग किंचित घटला आणि पूर्वी ५००हून अधिक खगोलीय एककं दूर जाणारा आता ३७०च्या आसपासहूनच मागे वळेल. १९८०च्या बोवेल धूमकेतूचं उलट झालं. गुरूनं त्याला असा रेटा दिला, की तो सूर्यमालाच सोडून निघाला. त्याला पुढचा फेरा नाही.

२५० एककांच्याही मागे जायचं तर हिशेब सैल होत जातो. धूमकेतूतून उसळणारे वायूचे झोत त्याला स्वतःलाच ढकलतात. लाखो वर्षं मागे गेलं, की जवळून गेलेले तारेही मोजावे लागतात. पंचवीस-अठ्ठावीस लाख वर्षांपूर्वी गेलेला एचडी ७९७७ हा त्यांतला मोठा डोकेदुखीचा. अशा वेळी पोलंडमधले क्रुलिकोव्स्का आणि दिबचिन्स्की यांच्यासारखे अभ्यासक एकाच धूमकेतूच्या हजारो गणिती प्रतिकृती सोडतात. प्रत्येकीची कक्षा निरीक्षणांच्या चुकभुलीत बसणारी. मागे जाता जाता त्या किती फाकतात, तेच उत्तर. एका ठाम आकड्यापेक्षा मला हा फाकलेला थवा जास्त विश्वासाचा वाटतो.

हेल-बॉपची मागची फेरी इसवी सनापूर्वी २२१५ची. तेव्हा तो गुरूच्या अगदी जवळून गेला असावा आणि सूर्याकडची ती त्याची पहिलीच खेप असावी, अशी शक्यता ब्रायन मार्सडेन यांनी मांडली होती. तसं असेल तर ४,२०० वर्षांचा फेरा त्यानं एकदाच मारला. २,५००चाही बहुधा एकदाच मारेल. तो परत येईल, तेव्हा गुरू वाटेत कुठे उभा असेल त्यावर पुढचा आकडा ठरेल.