शास्त्र वाचतांना

शास्त्राचा आधार ज्याला मिळाला नाहीं असा अन्याय जगांत क्वचितच झाला असेल. अमेरिकेंत गुलामगिरीचें समर्थन करणारे धर्मोपदेशक आणि ती प्रथा मोडावयास निघालेले लोक एकाच बायबलांतील वचनें काढून दाखवीत होते. उभय पक्षांचा ग्रंथ एकच, ही गोष्ट लिंकननें १८६५ च्या भाषणांत बोलूनही दाखविली. मग ग्रंथांत सत्य सांपडतें, कीं मनांत आधींच ठरलेलें तेवढेंच सांपडतें ? हा प्रश्न केवळ ख्रिस्ती माणसापुरता नाहीं. परंतु ज्याच्या घरीं रोज बायबल उघडलें जातें त्याला तो टाळतां यावयाचा नाहीं.

मला वाटतें, दोष ग्रंथाचा नसून आपल्या वाचण्याच्या रीतीचा आहे. आपण न्यायाधीशाच्या आसनावर बसून वाचतों. लोभाविषयीं वचन आलें कीं शेजारी आठवतात, क्रोधाविषयीं आलें कीं घरचींच माणसें ! दावीद राजाची कथा या बाबतींत मोठी मार्मिक आहे. त्यानें उरीयाची बायको आपलीशी केली व उरीयाला लढाईंत मारविलें. पुढें नाथान संदेष्ट्यानें त्याला एका श्रीमंताची गोष्ट सांगितली. त्या श्रीमंतानें पाहुण्यासाठीं गरिबाची एकुलती एक कोंकरी हिरावून नेली होती. राजा खवळला, शिक्षा सांगून मोकळाही झाला. आणि मग नाथानानें बोट त्याच्याकडेच वळविलें. राजानें आपलें पाप कबूल केलें, एवढ्यासाठीं तरी तो मला थोर वाटतो.

परंतु अर्थ सांगावयाचा कोणीं ? पंडिता रमाबाईंपुढें हा प्रश्न फार तीव्रतेनें उभा राहिला. १८८३ त इंग्लंडांत वॉन्टेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आश्रय देणाऱ्या भगिनी सांगतात म्हणून एखादें मत स्वीकारणें त्यांना मान्य नव्हतें. एका पुरोहितवर्गाच्या बंधनांतून सुटून दुसऱ्याच्या अधीन कां व्हावें, अशी त्यांची भूमिका. भगिनींचें म्हणणेंही सर्वस्वीं टाकाऊ नव्हतें. एकट्याचें मन स्वतःला सहज फसवितें. या आक्षेपाचें उत्तर मला रमाबाईंच्या पुढील श्रमांत दिसतें. हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठींत संपूर्ण बायबल उतरविण्यांत त्यांचीं अखेरचीं वर्षें गेलीं. १९२२ मध्यें त्या वारल्या. केडगांवच्या मुक्ति मिशनमध्यें छापलेला तो ग्रंथ १९२४ त बाहेर आला. एकेका शब्दासाठीं मुळापर्यंत जाणाऱ्याला सोयीचा अर्थ लावणें इतकें सोपें राहत नाहीं.

आम्हां संसारी माणसांना हिब्रू कोठून येणार ? याकोबाच्या पत्रांत मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच हांक मारते, असें सांगितलें आहे. श्रीमंतांवरील टीका म्हणून मीं त्याचें पुष्कळदां कौतुक केलें होतें. एकदां महिनाअखेरीस तें वाचीत असतां, आमची मोलकरीण तापानें पडली होती त्या चार दिवसांचे पैसे मीं खाड्यापोटीं कापले होते, तें आठवलें. तेथें भाष्याची गरज पडली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पैसे तिच्या हातावर ठेवले, तेव्हां "हे कशाचे, बाई ?" असें तिनें विचारलें, आणि मला नीट सांगतां आलें नाहीं.